ढगातली पुतळाबाई

भक्तीच्या कामाला तिच्या सासूने नाव ठेवलं होतं, चिकटवाचिकटवी. कुणी पाव्हणा घरी आला आणि सून कुठे दिसत नाही म्हणून विचारलं, की पुतळाबाई हातातलं काम न सोडता सांगायची, “आत हाय. बसलीय चिकटवाचिकटवी करत.” ती हे अशा सुरात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई आत बसून भिंतीवर शेणी थापतेय.

आणि ती चिकटवाचिकटवी तरी काय साधी होती? अहो, उरणच्या रस्त्यावर कुठल्याही नाक्याला उभे राहा आणि मान वर करा. ज्या पोराला घरात पाण्याचा तांब्या उचलायचा कंटाळा, तो फ्लेक्सवर आगीतून चालत येताना दिसेल. मागे हेलिकॉप्टर, पुढे धूर, अंगावर ठिणग्यांचा पाऊस, डोळ्यांवर काळा गॉगल आणि पायाशी शुभेच्छुकांच्या डोक्यांची रांग. हा सगळा प्रताप भक्तीचा. शुक्रवारी नवा पिक्चर लागला की शनिवारी पोरं मोबाईल नाचवत तिच्या दारात हजर. “वहिनी, हा बघा कसा पावसात उभाय. मला असा उभा करा ना!” मग भक्ती ते पोस्टर डोळे बारीक करून बघायची. उजेड कुठून आलाय, धुराचे थर किती आहेत, सावल्या निळ्या करून चेहऱ्यावर केशरी कसा चढवलाय, हे तिला भाजीत मीठ किती पडलंय ते कळावं तसं कळायचं. शिकवायला कुणी नव्हतं. माहेरी नागावला वडिलांचं छोटं होमस्टे. त्याच्या जाहिरातीसाठी तिने लग्नाआधी फोटोशॉपला हात लावला, आणि मग तो हात काही सुटला नाही.

अडचण एकच होती, जागेची. कॉम्प्युटर घराच्या पडवीत, एका बाजूला भाताच्या गोणी, दुसऱ्या बाजूला अजितच्या ट्रेलरचे जुने टायर. अजित म्हणजे तिचा नवरा. बंदरातून कंटेनर भरायचे आणि ट्रेलर घेऊन देशभर हिंडायचं हा त्याचा धंदा. माणूस सोन्यासारखा, पण आईपुढे त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. गिऱ्हाईक आलं की पडवीत सासूची वाटाण्याची सोलणी चाललेली. गिऱ्हाईक बसणार कुठे आणि बोलणार काय? एका पोराला तर पुतळाबाईने तोंडावर विचारलं होतं, “काय रं, आगीतून चालतोस तर बापाबरोबर शेतावर का न्हाय चालत?” तो पुन्हा आला नाही.

नाक्यावर सासऱ्यांनी बांधलेला एक गाळा होता. ते गेल्यापासून शटर खाली. कागदावर नाव पुतळाबाईचं. भक्तीने वर्षभर त्या गाळ्याची आस धरली होती. तिथे काच लावायची, आत मोठा स्क्रीन, गिऱ्हाइकाला खुर्ची, बाहेर आपल्या नावाची पाटी. तिने सासूकडे विषय काढला की पुतळाबाई म्हणायची, “त्याला कामधंदा करनारा मानूस पायजे.” आणि तो कामधंदा करणारा माणूस म्हणजे भागोजी, पुतळाबाईच्या दिराचा मुलगा. त्याला तिथे पंक्चरचं दुकान टाकायचं होतं. तो येता-जाता काकीच्या पाया पडायचा, काकी येता-जाता त्याला हो म्हणायची. संक्रांतीनंतर गाळा त्याच्या ताब्यात जाणार हे जवळपास ठरल्यात जमा होतं.

भक्तीला रडू यायचं ते गाळ्यासाठी कमी आणि दुसऱ्याच गोष्टीसाठी जास्त. सासूने तिचं एकही काम आजवर धड बघितलं नव्हतं. बॅनर दाखवायला नेला तर “तू ठेव, मग बघते” म्हणायची, आणि ते मग कधी यायचंच नाही. न बघताच नापास करायचं, याला काय म्हणायचं?

तेवढ्यात पंच्याहत्तरी आली. पुतळाबाईचा जन्म नेमका कधीचा हे खरं म्हणजे देवालाच ठाऊक. तिची आई सांगायची, वाल काढायला आले होते तेव्हा झालीस. पण आधार कार्डवाल्याला वाल काढण्याची तारीख चालेना, त्याने ठोकून दिलं एक जानेवारी. तर या एक जानेवारीला बाईला पंच्याहत्तर वर्षं पुरी होणार होती. भक्तीने मनाशी गाठ मारली. आईंचा असा बॅनर करायचा, की उरण तालुक्यात आजवर लागला नाही. नाक्यावर लागला की बघावाच लागेल. डोळे मिटून तर कुणी नाक्यावरून जात नाही ना!

हेलिकॉप्टर आणि ठिणग्या तिने पहिल्याच दिवशी बाद केल्या. तिने मनात धरली ती मोठ्या पिक्चरची पोस्टरं, पिढ्यानपिढ्यांची गोष्ट सांगणारी. त्यात कसं असतं, मुख्य माणसाचा चेहरा आभाळभर. गळ्याखाली तो हळूहळू विरत जातो आणि ढगात मिसळतो. खाली दूरवर पसरलेली जमीन, आणि त्या जमिनीवर तेच माणूस पाठमोरं, एवढंसं, चालत निघालेलं. सासूचा एक फोटो तिच्याकडे होता. वाळत घातलेल्या मासळीवर ढग तर येत नाहीत ना, म्हणून पुतळाबाईने आभाळाकडे बघितलं होतं आणि भक्तीने नकळत टिपलं होतं. काय चेहरा आला होता! एका गालावर ऊन, एका गालावर सावली, कपाळावरची एक-एक सुरकुती सांगत होती की ही बाई उभा जन्म मिठाच्या आगरात राबलीय.

भक्तीने तो चेहरा कापून काढायला घेतला. कपाळावरचे पांढरे भुरे केस एक-एक करून सोडवले, म्हणजे कात्रीने कापल्यासारखं दिसू नये. हनुवटीखाली ढग चढवले, पदर ढगात विरवला. डोक्यामागून सोनेरी किरणं सोडली. खाली पेणच्या बाजूचं एक चालू आगर घातलं, त्याचे फोटो काढायला अजितने तिला गाडीवरून नेलं होतं. चौकोनी खाचरांत आभाळ उतरलेलं, बांधावर मिठाच्या पांढऱ्या राशी, आणि एका बांधावरून पाठमोरी बाई चाललेली, खांद्यावर मीठ ओढायचं लाकडी फावडं. सगळ्या चित्रावर तिने जुन्या पितळेचा रंग फिरवला. मधोमध मोठ्या अक्षरांत, घडवलेल्या धातूसारखं, नाव टाकलं: पुतळाबाई. त्याखाली पिक्चरला असते तशी एक ओळ: एक बाई. एक आगर. एक युग. आणि ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ हे शब्द? ते तिने अगदी तळाशी, बारीक उभट अक्षरांत टाकले, पोस्टरवर कलाकार-तंत्रज्ञांची नावं असतात ना, तसे. तिला ते फार झोकदार वाटलं.

छपाई उरणच्या मितेशकडे. मितेश गुजराती, तीन पिढ्या उरणात, मराठी आपल्यापेक्षा फर्डं. त्याने स्क्रीनवर चित्र बघितलं आणि चुटकी वाजवली. “एक नंबर, भक्तीबेन! पिक्चरचंच पोस्टर. पण खाली शुभेच्छुकांचे फोटो?”

“पिक्चरच्या पोस्टरवर शुभेच्छुक असतात का?”

“नसतात,” मितेश म्हणाला. “तुमची मर्जी.”

आता तुम्हाला एव्हाना कळलं असेल काय घोळ झाला तो. कोकणातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला कळला असता. पण भक्तीची नजर इतके दिवस पिक्चरमध्ये अडकलेली. आपल्याकडे बॅनर कुणी वाचत नाही, चालत्या गाडीवरून नुसता बघतात. गॉगल आणि शुभेच्छुक दिसले की वाढदिवस. चेहरा ढगात, मागे किरणं, खाली कुणी नाही, की माणूस गेलं. इतकं ते सरळ असतं.

एक जानेवारीला उजाडता उजाडता बॅनर नाक्यावर चढला. चढवणाऱ्याने चढवला आणि तो गेला. मग नेहमीप्रमाणे बंदराच्या बाजूने ट्रेलरची रांग अडली, आणि एक ट्रेलर नेमका बॅनरसमोर येऊन उभा राहिला. तळाची शुभेच्छांची बारीक ओळ त्याच्याआड गडप. वर उरलं काय? आभाळभर पुतळाबाई, आणि एक युग.

पहिला फोन अजितला आला, उलव्याच्या एका नातलगाचा.

“अजित, आत्ताच बघितलं रे. कधी?”

“आजच की,” अजित दात घासत म्हणाला.

“अरे देवा. मग पुढचं कधी ठेवलंय?”

“संध्याकाळी सहाला. केक सांगितलाय.”

“केक?” एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. अजितला वाटलं रेंज गेली.

भक्ती अंगणात रांगोळी घालत होती. तिला गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ असा काही हंबरडा, की तिच्या हातातली रांगोळी सांडली. “पुतळे गो! मना एकटीला टाकून गेलीस गो, पुतळे!”

रिक्षातून उतरली ती सगुणा. पुतळाबाईची आगरातली जोडीदारीण. एका खाचरात दोघींनी फावडी ओढली, एका टोपलीतली भाकरी खाल्ली, आणि आगर गेल्यावर सगुणा लेकीकडे शेजारच्या गावात राहायला गेली. तिच्याबरोबर आणखी चार बायका. सगुणा छाती पिटत अंगणात आली, पडवीची पायरी चढली आणि भक्तीच्या गळ्यात पडली. “मना सांगायचं तरी व्हतंस गो पोरी. शेवटचं तोंड तरी बघितलं असतं!”

भक्तीच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. चेहरा. ढग. किरणं. तोंड उघडून सांगायला जावं, तर सगुणामावशीने तिचं तोंड आपल्या खांद्यात असं काही दाबून धरलेलं की ‘मावशी, आई आहेत’ हे शब्द आतल्या आत घुसमटले. बायकांनी गोल केला. शेजारच्या बायका धावत आल्या, कुणी काही विचारलं नाही, सगळ्यांनी रडायला सुरुवात केली. आपल्याकडे रडणाऱ्याला एकटं सोडत नाहीत.

पुतळाबाई कुठे होती? मागच्या पडवीत, वाल सोलत. ऐकू कमी येत असलं तरी एवढाही गोंगाट ऐकू येणार नाही इतकी काही बहिरी नव्हती. ती उठली, पण तिचे गुडघे उठायला वेळ घेतात. आणि तेवढ्या वेळात पुढच्या दाराने भागोजी आला.

भागोजी आला तो पांढरी टोपी घालूनच. त्याने अजितच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे पुसले, उसासा टाकला. “धीर धर, अजित. काकी म्हणजे आमची माऊली होती.” मग जरा थांबून, आवाज खाली घेऊन, पण पडवीत सगळ्यांना ऐकू जाईल इतपत, “आता ही वेळ नाही बोलायची. पण त्या गाळ्याचा काकीने मला शब्द दिलेला, तुलाही ठाऊक आहे. दिवस झाले की कागद करून घेऊ. हवेचं मशीन उद्या येतंय, ते नुसतं आत ठेवून घेतो. शटरला तेल मारायला माणूस आत्ता बाहेर उभाच आहे.”

“कुनाचे दिवस?”

मधल्या दारात पुतळाबाई उभी होती. दोन्ही हातांना वालाची सालं चिकटलेली.

भागोजीची बोबडी वळली. त्याने टोपी काढली, परत घातली. रडणाऱ्या बायका अशा गप्प झाल्या की अंगणातली कोंबडी ऐकू यावी. सगुणाने भक्तीला सोडलं, डोळे फाडून बघितलं, तरातरा जाऊन पुतळाबाईचा दंड चाचपला, गाल चाचपला. आणि मग फाडकन तिच्या पाठीत एक धपाटा घातला. “मेली न्हायस? मग मना सकाळधरनं रडवलंस कशाला गो, भवाने?”

“मी कुठं रडवलं? मी वाल सोलतंय!”

मग सगळ्यांना एकदमच वाचा फुटली. नाका, बॅनर, ढग, युग. बोलता बोलता एकेकीची मान भक्तीकडे वळली. भक्तीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण कॉम्प्युटरसकट आत जावं. “वाढदिवसाचा आहे तो,” ती कशीबशी म्हणाली. “खाली लिहिलंय.” तिच्या स्वतःच्याच कानाला ते किती फुसकं वाटलं! कुणीतरी पुतळाबाईपुढे मोबाईल धरला, हे बघ म्हणून. पुतळाबाईने तो हाताने बाजूला सारला. तिचं लक्ष भागोजीकडे होतं.

“मशीन आनलंस?”

“काकी, मी आपलं फक्त—”

“माझ्या तोंडात तुळशीचं पान पडायच्या आत शटरला तेल मारतोस? चल, नीघ! गाळा तुना न्हाय. गाळा भक्तीला दिला! सगळ्यांदेखत सांगते.”

झालं की! वर्षभर जे मागत होती ते भक्तीच्या ओंजळीत येऊन पडलं. अजित तर हसायलाच लागला. पण भक्ती हसली नाही. मांजराला हाकलायला समोर जे सापडेल ते भिरकावावं, तसा तो गाळा भागोजीच्या दिशेने भिरकावलेला होता, आणि वाटेत ती उभी होती म्हणून तिला लागला. उद्या भागोजीने पाय धरले की परत जाईल.

“मला नको, आई,” ती म्हणाली.

“काय?”

“असा नको.” आता सुरुवात झाली होती तर थांबण्यात अर्थ नव्हता. “भागोजीभावजींवर राग म्हणून मला नको. माझं काम चांगलं म्हणून द्यायचा तर द्या. तुम्ही माझं एक काम बघितलेलं नाही. एक! चार वर्षं झाली मला या घरात. मी चुकले, तुम्हाला जिवंतपणी ढगात घातलं, मला शिव्या घाला. पण आधी बघा. बघून नाही आवडला तर गाळा भावजींना द्या, मी परत तोंड उघडणार नाही.”

अजितचं हसू कुठल्या कुठे पळालं. सासूला असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं, सासऱ्यांनीसुद्धा नाही. पुतळाबाईने भक्तीकडे बघितलं. मग हातावरची वालाची सालं पदराला पुसली.

“चप्पल दे माझी,” ती म्हणाली.

नाका काही लांब नाही, पण वाटेत वरात झाली. पुढे पुतळाबाई, तिच्या दंडाला धरून सगुणा, मागे रडून डोळे सुजलेल्या बायका, त्यांच्यामागे अजित, आणि सगळ्यांत शेवटी भागोजी. त्याला घरीही जाववेना. समोरून येणारा एक मोटारसायकलवाला पुतळाबाईला बघून असा दचकला की गटारात जाता जाता वाचला. वडापावच्या गाडीवाल्याच्या हातातला झारा कढईत पडला. पुतळाबाईने सगळ्यांना एकच सांगितलं, “जिती हाय. वाढदिवस हाय. संध्याकाळी केक खायला या.”

बॅनरसमोर तो ट्रेलर अजून उभाच. पुतळाबाई त्याच्या खिडकीखाली गेली आणि दार थोपटलं. ड्रायव्हर परप्रांतीय, झोपेतला. त्याने खाली वाकून बघितलं, मग वर बॅनरकडे बघितलं, मग पुन्हा खाली. “माताजी?” तो म्हणाला.

“गाडी पुढं घे,” पुतळाबाई म्हणाली. “मना मी दिसत न्हाय.”

त्याने एक शब्द न बोलता गाडी पुढे घेतली. रांग तर हलली नव्हती, तरी त्याने कुठून जागा काढली कोण जाणे.

आणि बॅनर पुरा दिसला. वर तिचा तो चेहरा, खाली आगर. बॅनरच्या मागे, कुंपणापलीकडे, कंटेनरच्या चळती उभ्या होत्या, लाल, निळ्या, एकावर एक. तिथेच पूर्वी हिचं आगर होतं. भक्तीच्या हे लक्षातसुद्धा आलं नव्हतं. खांब तिथे होता म्हणून बॅनर तिथे लागला होता. पुतळाबाईच्या मात्र आलं. ती एकदा चळतींकडे, एकदा चित्रातल्या पांढऱ्या राशींकडे बघत होती. तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

भक्ती निकालाची वाट बघत उभी राहिली.

“ढगात कशाला घातलंस मना?” पुतळाबाईने विचारलं. आवाजात राग नव्हता.

“पिक्चरच्या पोस्टरवर तसंच असतं, आई. गोष्ट ज्याची असते, त्याचा चेहरा सगळ्यात वर. सगळ्यात मोठा.”

“गोष्ट कुनाची हाय?”

“तुमची.”

पुतळाबाईने पदराचं टोक डोळ्याला लावलं, धूळ गेली असेल तशी. मग ती दोन पावलं पुढे गेली आणि खालच्या पाठमोऱ्या बाईकडे बोट केलं. “ही कोन?”

आता आली पंचाईत. “तुम्हीच. तरुणपणीच्या.”

“ही माझी पाठ न्हाय.” बोट तसंच. “लुगडं माझं हाय. पेटीतलं हिरवं. पाठ तुझी हाय. माझ्या पेटीला हात लावलास?”

“हो,” भक्ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार! पेणच्या आगरात तिने सासूचं लुगडं नेसून, काष्टा घालून, चिखलात अनवाणी उभं राहून अजितकडून तो फोटो काढून घेतला होता. तीनदा घसरली होती.

“फावडं जड लागलं?”

“खूप.”

“मंग!” पुतळाबाई म्हणाली. त्या एका शब्दात तिने काय काय भरलं होतं ते भक्तीला पुरतं कळलं नाही, पण सगुणा मात्र “व्हय गो” म्हणून मान हलवत राहिली. पुतळाबाई वळली. तिने नाक्यावर जमलेली सगळी माणसं बघितली, रिक्षावाले, वडापाववाला, बायका, भागोजी. आणि भाजीवालीशी भाव करते त्याच खणखणीत आवाजात म्हणाली, “माझ्या सुनेनं केलंय. मना आवडला. लय आवडला. भागोजी, तुझ्या मशीनला दुसरी जागा बघ. रागानं न्हाय सांगत. गाळ्यात माझी सून बसनार हाय, तिचा धंदा हाय यो.”

भक्तीने ओठ घट्ट मिटले, पण डोळे कुठे ऐकतात? सगळ्या नाक्यासमोर ती रडली. सकाळपासून सगळ्या बायका रडून झाल्या होत्या, तीच तेवढी राहिली होती. अजित तिच्याजवळ आला, आणि आईसमोर त्याने पहिल्यांदाच बायकोच्या डोक्यावर हात ठेवला.

मितेशला फोन लागला. शुभेच्छांची मोठ्या अक्षरांची पट्टी दुपारपर्यंत छापून द्यायचं त्याने कबूल केलं, हसू आवरत. माणसं पांगायला लागली. सगुणा मात्र बॅनरखालून हलेना. ती कधी वरचा चेहरा बघायची, कधी आपल्या हातांकडे. मिठाने उललेले हात, ते आता कधी बरे होणार नाहीत.

“भक्ती गो,” ती म्हणाली, “माझापन काढशील?”

“काढीन की, मावशी. तुमचा वाढदिवस कधी असतो?”

“मना काय ठाऊक? वाढदिवस नको. असाच काढ. ढगातला.”

“मावशी, ढगातला कसा काढू? आत्ता बघितलंत ना काय झालं ते. लोक म्हणतील—”

“म्हनू दे.” सगुणाने वर बघितलं. “मेल्यावर तर पोरं लावतीलच. पन मेल्यावर मना कुठं दिसनार हाय?”

बरोबरच्या चार बायकाही थांबल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, माझापन. दुसरी म्हणाली, माझा शेतात, भाताच्या मागे. तिसरीने नुसताच पदर सारखा केला आणि केसांवरून हात फिरवला.

“काढ गो सगळ्यांचे,” पुतळाबाई म्हणाली. “गाळा कशाला दिलाय? पन सगुनाचं तोंड माझ्यापरीस लहान काढ.”

“का? माझं का लहान? तुझ्यापरीस दोन टोपल्या जास्त मीठ ओढलंय मी!”

“कवा? पडायचीस खाचरात, मी उचलायचे!”

“तू उचलायचीस? मना?”

दोघी बॅनरखाली उभ्या राहून हमरीतुमरीवर आल्या. सगुणा बोलता बोलता पुतळाबाईकडे वळली तेव्हा तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर सकाळचं ऊन आलं. भक्तीने डोळे पुसले, मोबाईल काढला आणि म्हणाली, “मावशी, अशाच राहा. भांडण चालू दे, फक्त मान जरा वर घ्या.”